दोनशे एकवीस लेझीम: घाईने ‘मूळ’ ठरवलेल्या एका संख्येचं प्रकरण

प्रसंग

उत्तर नागपुरातल्या एका मराठी शाळेत मी सहावी ते आठवीला गणित शिकवते. प्रजासत्ताक दिनाला यंदा पाचवी ते आठवीची सगळी मुलं लेझीम खेळणार, कुणालाही बाजूला बसवायचं नाही, असं मुख्याध्यापिका मॅडमनी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सांगून टाकलं होतं. आमची बहुतेक मुलं इंदोरा, पाचपावली, कमाल चौकाच्या आसपासची. २६ जानेवारीला त्यांचे आईवडील कामावर खाडा करून येतात, कुंपणाच्या भिंतीपाशी उभे राहतात आणि आपलं लेकरू कोणत्या रांगेत आहे ते शोधत राहतात. त्यामुळे रांगेत कोण आणि रांगेबाहेर कोण, हा प्रश्न आमच्याकडे साधा नाही.

मुलं भरली २२१. पी.टी.च्या सरांना सगळ्या रांगा सारख्या हव्या होत्या आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. लेझमीच्या काही पवित्र्यांत एक रांग दुसरीत शिरते आणि पुन्हा बाहेर येते. एखादी रांग तोकडी पडली की तिच्या टोकाच्या मुलाला समोर जोडीदारच सापडत नाही, ते गोंधळतं आणि मग त्याच्या मागचे सगळेच चुकतात.

सरांनी मुलांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि रांगा पाडायला घेतल्या. दहा-दहाच्या केल्या तर बावीस रांगा झाल्या आणि एक मूल उरलं. अकरा-अकराच्या वीस रांगा, पुन्हा एक उरलं. पाचाच्या केल्या, चाराच्या केल्या, वीसच्या केल्या. दर वेळी शेवटी तेच एक मूल. पाचवीतला, उंचीने सगळ्यांत लहान मुलगा. बाराच्या रांगा केल्यावर पाच उरले, तेव्हा सरांनी तो नाद सोडला. ‘नाही बनत मॅडम, एक पोट्टा उरतेच,’ ते मला म्हणाले. ‘याले पाणी वाटाले ठेवतो.’

दर वेळी एकच का उरत होतं, ते आधी सांगते, कारण पुढच्या गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. २२० चे विभाजक आहेत १, २, ४, ५, १०, ११, २०, २२, ४४, ५५, ११० आणि २२०. मैदानात उभं राहून रांगेसाठी चटकन सुचणाऱ्या बहुतेक संख्या यात आहेत. यांतल्या १ सोडून कुठल्याही संख्येने २२१ ला भागलं की बाकी १ उरणारच. बघणाऱ्याला मात्र ते एक मूलच जास्तीचं वाटायला लागतं. सर तर वाईट वाटूनच बोलत होते, पण त्यांच्याही मनात हेच बसलं होतं.

त्यावर सातवीतल्या एका मुलीने शिक्का मारला. वर्गात सगळ्यांच्या आधी हिचा हात वर असतो, पाचवीला शिष्यवृत्ती मिळालेली, तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ. ती पुढे येऊन म्हणाली, ‘सर, दोनशे एकवीस मूळ संख्या आहे. हिच्या सारख्या रांगा होणारच नाहीत.’ सरांनी माझ्याकडे पाहिलं. गणिताच्या हुशार मुलीने सांगितल्यावर आता विषय संपला, असा त्यांचा चेहरा होता. पाचवीतला मुलगा तोवर लेझीम खाली ठेवून भिंतीकडे निघालाही होता.

२२१ मूळ नाही. १३ गुणिले १७ म्हणजे २२१. सतरा-सतरा मुलांच्या तेरा रांगा होतात आणि एकही मूल उरत नाही. मी हे तिथल्या तिथे सांगून टाकू शकले असते. पण त्या मुलीने जे उत्तर दिलं, तेच उत्तर माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी दिलं असतं आणि शिष्यवृत्तीच्या वर्गांतून शिकून आलेल्यांनी तर नक्कीच दिलं असतं. म्हणून मी तिला विचारलं, ‘कशावरून?’

ती अकरावर का थांबली

तिच्याकडे कारणं होती, आणि मोघम नव्हती. पहिलं म्हणजे तिने कसोट्या लावल्या होत्या. एककस्थानी १ आहे, म्हणून २ ने आणि ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज २ + २ + १ = ५, म्हणून ३ ने जात नाही. सातसाठी तिने शिकवणीत शिकलेली युक्ती वापरली: शेवटच्या अंकाची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करायची. २२ − २ = २०, सातच्या पाढ्यात नाही. अकरासाठी एक सोडून एक अंक: २ − २ + १ = १, म्हणून अकराही गेला. हे सगळं अचूक आहे. मी विचारलं, ‘तेराने पाहिलं नाही काहून?’ ती म्हणाली, ‘तेराची कसोटी नाही ना मॅडम.’

दुसरं कारण पाढ्यांचं. ‘तीसपर्यंतच्या एकाही पाढ्यात दोनशे एकवीस येत नाही,’ असं तिने ठामपणे सांगितलं. हेही खरं आहे. आपले पाढे दाहीपर्यंत जाऊन थांबतात. एखाद्या संख्येचे दोन्ही अवयव दहाच्या वर असले की ती पाढ्यांमध्ये सापडतच नाही, मग पाढे तीसपर्यंत असोत की शंभरपर्यंत. १२१ घ्या. अकरा गुणिले अकरा, पण अकराचा पाढा एकशे दहावर संपतो. १४३, १६९, १८७, २०९, २२१ यांचंही तसंच. ९१ ला मुलं सहसा फसत नाहीत, कारण ‘तेरा साते एक्क्याण्णव’ कानावरून गेलेलं असतं. म्हणजे पाढे उत्तम पाठ असलेलं मूलच इथे जास्त खात्रीने चुकतं. पाढ्यांवर त्याचा भरवसा असतो आणि तो भरवसा एरवी खराही ठरतो.

तिसरं कारण ऐकून मला जरा काळजी वाटली. सहाने भागून बाकी १ किंवा ५ आली की संख्या मूळ, असं तिने कुठेतरी लिहून घेतलं होतं. २२१ ला ६ ने भागल्यावर बाकी ५ येते. २ आणि ३ सोडून प्रत्येक मूळ संख्येला ६ ने भागलं की बाकी १ किंवा ५ येते, हे बरोबर आहे. दुसरी कुठलीही बाकी आली तर २ ने किंवा ३ ने भाग जाणारच. पण म्हणून अशी बाकी येणारी प्रत्येक संख्या मूळ ठरत नाही. २५ ला ६ ने भागा, बाकी १. ३५ ला भागा, बाकी ५. हा नियम फक्त २ आणि ३ ची कसोटी एकदम लावतो, त्यापलीकडे काही सांगत नाही. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत तो उलटा करून पाठ होतो आणि मग मुलं तो वर्षानुवर्षं वापरत राहतात.

एवढ्या हुशार मुलीला ही चूक आजवर कुणी दाखवली कशी नाही, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनात होता. घरी ३०० पर्यंतच्या संख्या लिहून पाहिल्या तेव्हा उत्तर मिळालं. २, ३, ५, ७, ११ या पाचही कसोट्यांतून सुटणाऱ्या आणि तरीही संयुक्त असणाऱ्या संख्या ३०० पर्यंत फक्त पाच आहेत: १६९, २२१, २४७, २८९ आणि २९९. याच अंतरात मूळ संख्या आहेत ६२. म्हणजे ‘अकरापर्यंत पाहा आणि मूळ म्हणा’ ही सवय ३०० पर्यंत पाच ठिकाणीच दगा देते आणि १६८ पर्यंत तर कधीच नाही. पाठ्यपुस्तकातली, सराव संचातली बहुतेक उदाहरणं शंभरच्या आतली किंवा थोडी वरची. तिथे तिचं उत्तर कायम बरोबर येत गेलं आणि बरोबर उत्तराला आपण ‘कुठपर्यंत तपासलं?’ असं विचारत नाही.

विचारायला हवं असं माझं मत आहे. संयुक्त ठरवायला एकच विभाजक दाखवला की पुरे. ‘तेराने भाग जातो’ एवढं म्हणा, वाद मिटला. मूळ म्हणण्याचा अर्थ वेगळा आहे: एक आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसरा विभाजक कुठेच नाही. ‘कुठेच’ म्हटलं की सगळीकडे पाहिल्याचा हिशेब द्यावा लागतो. आपण मुलांना मूळ संख्यांची यादी पाठ करायला लावतो, पण हा हिशेब मागत नाही.

मैदानावर

त्या दिवशी हा हिशेब मैदानावरच झाला. ती गोष्ट जरा सविस्तर सांगते.

मी सरांना विनंती केली की अजून एकच रचना करून पाहू, पंधरा-पंधराची. पंधरा पंधरा सव्वादोनशे. मुलं २२१, म्हणजे चार कमी पडणार. झालंही तसंच. चौदा रांगा पूर्ण आणि पंधरावीत अकरा मुलं, उजवीकडे चार जागा रिकाम्या. सर म्हणाले, ‘बघा, इथेही नाही जमत.’

मग मुलांना सांगितलं की रिकाम्या चार जागा अशा एका रांगेत नकोत, कोपऱ्यात दोन बाय दोनचा चौकोन करा. मुलांनी आपसात थोडी ओढाताण केली. आठवीतला एक मुलगा चौदाव्या रांगेच्या टोकाला होता; त्याने शेजारच्याचा हात धरला आणि दोघं मागच्या रांगेत येऊन उभे राहिले. आता चौदावी रांग तेराची, पंधरावीही तेराची आणि उजव्या कोपऱ्यात दोन बाय दोनची मोकळी जागा. पुढच्या तेरा रांगांमध्ये मात्र उजवीकडचे दोन स्तंभ मागच्या दोन रांगांच्या बाहेर आलेले. त्या प्रत्येक स्तंभात तेरा मुलं.

‘या दोन स्तंभांतली मुलं जाऊन सगळ्यांत मागे रांग करतील तर?’

मला पुढे काही बोलावंच लागलं नाही. एका स्तंभातली तेरा मुलं मागे जाऊन आडवी उभी राहिली, दुसऱ्या स्तंभातली तेरा त्यांच्या मागे. मैदानावर आता तेरा-तेराच्या सतरा रांगा होत्या. भिंतीकडे गेलेल्या पाचवीतल्या मुलाला आम्ही आधीच पंधरावीत परत बोलावून घेतलं होतं; त्याची जागा आता मधेच कुठेतरी होती आणि तो उरलेला मुलगा कोणता हे ओळखता येत नव्हतं. सरांनी रांगा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि मग सगळ्यांना काटकोनात वळायला सांगितलं. तेराच्या सतरा रांगांच्या सतराच्या तेरा झाल्या. प्रेक्षकांच्या बाजूने तीच मांडणी जास्त शोभते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

ती सातवीतली मुलगी गप्प होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘पंधरामधून दोन गेले तेरा, पंधरात दोन मिळवले सतरा. हे नेहमी होते का मॅडम?’ बीजगणितात a चा वर्ग वजा b चा वर्ग हे सूत्र येतं, तेच तिने जमिनीवर पाहिलं होतं: १५ चा वर्ग वजा २ चा वर्ग म्हणजे (१५ − २) गुणिले (१५ + २). सतराव्या शतकातल्या फ्रान्सच्या फर्मा या गणितज्ञाने अवयव शोधायला हीच वाट वापरली होती. दिलेल्या संख्येच्या लगेच वरचा वर्ग घ्यायचा, दोघांतला फरक पाहायचा. फरकही वर्गसंख्या निघाला तर अवयव हातात आले. फरक वर्गसंख्या नसेल तर त्याच्या वरचा वर्ग घ्यायचा. अवयव एकमेकांजवळ असले की ही रीत फार लवकर उत्तर देते, लांब असले की दमवते. २२१ चे अवयव जवळ होते, म्हणून पहिल्याच वर्गाला काम झालं.

थांबायचं कुठे

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर २२० च्या रांगांच्या जोड्या लिहिल्या: १ आणि २२०, २ आणि ११०, ४ आणि ५५, ५ आणि ४४, १० आणि २२, ११ आणि २०. पुढची जोडी कोणती? मुलं म्हणाली, वीस आणि अकरा. मग बावीस आणि दहा. म्हणजे त्याच जोड्या उलट्या. एका बाजूची संख्या वाढत जाते, दुसरी कमी होत येते आणि कुठेतरी मध्ये दोघी एकमेकींना ओलांडतात. ही ओलांडायची जागा म्हणजे वर्गमूळ. २२० चं वर्गमूळ १४ आणि १५ च्या मध्ये येतं, म्हणून जोडीतला लहान विभाजक १४ च्या पुढे कधीच असणार नाही. २२५ ला मधली जोडी १५ आणि १५ अशी स्वतःशीच लागते, म्हणून तिला नऊ विभाजक, विषम. वर्गसंख्येचे विभाजक नेहमी विषमच का भरतात, हे मुलांनी इथेच पकडलं.

हे समजलं की ‘कुठपर्यंत तपासायचं’ याचं उत्तर मिळतं. १५ पर्यंत एकही विभाजक सापडला नाही तर १५ च्या पुढचाही सापडणार नाही, कारण पुढच्या प्रत्येकाचा जोडीदार अलीकडेच असायला हवा होता. त्यातही ४ ने, ६ ने, ९ ने वेगळं पाहायचं कारण नाही. ४ ने भाग गेला असता तर २ नेच आधी गेला असता. म्हणजे २२१ साठी फक्त सहा संख्या: २, ३, ५, ७, ११, १३. त्या मुलीने पाच पाहिल्या होत्या. सहावी राहिली.

पुढचा प्रश्न तेराच्या कसोटीचा. कसोटी आहे: शेवटच्या अंकाची चौपट उरलेल्या संख्येत मिळवा. २२ + ४ = २६, तेराच्या पाढ्यात आहे. सतरासाठी शेवटच्या अंकाची पाचपट वजा करा: २२ − ५ = १७. पण या पाठ करायला लावणं मला पटत नाही. प्रत्येक मूळ संख्येला नवी युक्ती शोधत बसलं तर मुलं पुन्हा ‘युक्ती नाही म्हणून पाहिलं नाही’ यावर येतात. त्यापेक्षा पटीत विचार करावा. तेरा दाही एकशे तीस. २२१ मधून १३० काढले, उरले ९१. तेरा साते एक्क्याण्णव. दहा आणि सात, सतरा. दाहीपर्यंतच्या पाढ्यावर एवढं काम होतं आणि पाढे ज्यांना येतात त्यांना हे लगेच जमतं. २४७ मधून १३० गेले, उरले ११७. तेरा नव्वे एकशे सतरा. झाले १९. २९९ मध्ये १३० दोनदा जातात, उरतात ३९. झाले २३.

मग थांबायच्या जागा मुलांनीच वर्गसंख्यांवरून लिहून काढल्या. संख्या १२१ पेक्षा लहान असेल तर २, ३, ५, ७ पुरतात. १६९ च्या आत असेल तर ११ पर्यंत, २८९ च्या आत १३ पर्यंत, ३६१ च्या आत १७ पर्यंत, ५२९ च्या आत १९ पर्यंत. १००० पर्यंतच्या कुठल्याही संख्येला ३१ पर्यंतच्या अकरा मूळ संख्या तपासल्या की निकाल देता येतो आणि हा पल्ला खरं तर १३६९ च्या आधीपर्यंत चालतो, कारण ३७ चा वर्ग तिथे येतो. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाने सांगितलेली चाळणी, म्हणजे तक्त्यावर एकेका मूळ संख्येच्या पुढच्या पटी खोडत जायच्या आणि उरतील त्या मूळ, तीही याच जागांवर चालते. १३ च्या पटी खोडायला घेतल्या की २६, ३९, ५२ हे सगळे आधीच खोडलेले असतात. नव्याने खोडायची पहिली संख्या १६९, मग २२१, २४७, २९९. ३०० पर्यंतच्या तक्त्यावर मुलांनी हे केलं तेव्हा त्या चार ठिकाणी निळ्या पेनाने गोल केले.

एकाने विचारलं की कॉम्प्युटरही असाच एकेक भागून पाहतो का. लहान संख्यांना पाहू शकतो, पण शेकडो अंकी संख्येला असं तपासत बसला तर पुरणार नाही. २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एक रीत दिली. संख्या कितीही मोठी असो, तिच्या अंकांच्या मानाने आटोक्यातल्या वेळात ती मूळ आहे की नाही हे पक्कं सांगता येतं, तेही तिचे अवयव न शोधता. अवयव न सापडताही ‘संयुक्त’ म्हणता येतं याचं मुलांना फार नवल वाटलं. सातवीच्या पुढचा विषय आहे, मी तिथेच थांबले.

दोघं परत आली

डिसेंबरच्या शेवटी कांजिण्यांमुळे घरी असलेली दोन मुलं शाळेत परत आली. आता आकडा २२३. पी.टी.च्या सरांनी या वेळी आधी मला बोलावलं आणि मी त्या मुलीला. तिने कागदावर लिहिलं: २, ३, ५ नाही. सात एकतीस दोनशे सतरा, बाकी ६. अकरा वीस दोनशे वीस, बाकी ३. तेरा सतरा दोनशे एकवीस, बाकी २. खाली लिहिलं, ‘१७ × १७ = २८९, पुढे पाहायची गरज नाही. मूळ.’ निकालाखाली कारण लिहिलेलं मला हवं होतं, ते तिने न सांगता लिहिलं.

आता खरंच सारख्या रांगा होणार नव्हत्या. एकाच लांबलचक रांगेत २२३ मुलं, एवढीच सोय. पण या वेळी कुणी ‘दोघांना बसवा’ म्हटलं नाही. मूळ संख्येला रचना नसते हे कळल्यावर मुलं रचनाच बदलायच्या मागे लागली. एकाने पुढे चालणारा एक म्होरक्या सुचवला. मग २२२ उरतात, पण २२२ म्हणजे २ × ३ × ३७. सहा रांगा सदतीसच्या झाल्या असत्या, मैदानाला फारच लांब. तिघं पुढे घेतले तर २२०, म्हणजे वीसच्या अकरा रांगा, उत्तम. दोघं पुढे घेतले तर पुन्हा २२१, आणि सतराच्या तेरा रांगा सगळ्यांच्या पायात बसलेल्या. दोघांनी शाळेचा फलक धरायचा असं ठरलं. कोण धरणार यावर मात्र मोठी चुरस झाली, कारण फलक सगळ्यांत पुढे असतो.

इथे सरांची बाजूही नोंदवायला हवी. ते म्हणाले, ‘मॅडम, मले २२० च बरे वाटते. एक-दोन पोरं आली नाहीत तरी काही ना काही जमते.’ कवायतीच्या दृष्टीने हा अनुभवाचा शहाणपणा आहे. २२० ला बारा विभाजक, २२१ ला चारच: १, १३, १७, २२१. आयत्या वेळी रचना बदलायची असेल तर जास्त विभाजकांची संख्या हाताशी असलेली बरी. २१६ ला तर सोळा आहेत. म्हणून राखीव मुलं कशी ठेवायची हे सरांनी ठरवलं आणि ती बारी-बारीने फलकाला आणि हलगीजवळ उभी राहतील अशी योजना केली, म्हणजे कुणी कायमचं बाहेर राहायला नको.

वर्गात यानंतर मी सरावासाठी २०० ते २३० या संख्या दिल्या. या पट्ट्यात मूळ संख्या चारच आहेत: २११, २२३, २२७, २२९. फसवणाऱ्याही आहेत: २०३ (सात एकोणतीस), २०९ (अकरा एकोणीस), २१७ (सात एकतीस) आणि आमची २२१. उत्तराला एक गुण आणि ‘कुठपर्यंत तपासलं आणि तिथेच का थांबलात’ याला दोन गुण, असा हिशेब ठेवला. पहिल्या खेपेला बहुतेकांनी मूळ संख्या बरोबर ओळखल्या. थांबण्याचं कारण मात्र थोड्यांनाच लिहिता आलं. काही जण अजूनही ४, ६, ८ ने भागत बसतात. ते चूक नाही, वेळ खाणारं आहे. पण का नको ते त्यांना पटलेलं नाही, हे त्यावरून कळतं. त्यांच्यासाठी आयताचे ठिपके कागदावर काढून रांगा दुमडायला देते आहे.

काटोलकडे आजोळ असलेल्या एका मुलाने या सगळ्यात एक नवीच संख्या आणली. संत्र्याची लागवड सहा बाय सहा मीटरवर केली तर हेक्टरी २७७ झाडं बसतात, असं त्याचा मामा सांगतो. लागवडीच्या शिफारशींमध्येही हाच आकडा असतो. त्याने तेरापर्यंत तपासून पाहिलं: सातने बाकी ४, अकराने २, तेराने ४. १७ चा वर्ग २८९, म्हणून थांबला. २७७ मूळ! मग मामाच्या वावरात झाडं ओळीत कशी, असा त्याचा प्रश्न. वर्गात आम्ही भागाकार मांडला. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, एका झाडाला ३६ चौरस मीटर. १०,००० भागिले ३६ केलं की २७७ आणि काही उरतं. हा आकडा क्षेत्रफळाचा आहे, ओळी मोजून आलेला नाही. शंभर मीटरच्या चौकोनी तुकड्यात कडेपासून लावलं तर एका ओळीत १७ झाडं येतात, एकूण २८९. चारी बाजूंनी धुरा, म्हणजे बांध, सोडून लावलं तर १६ गुणिले १६, २५६. त्यावर तो म्हणाला की मामाचं वावर चौकोनी नाहीच, एका कोपऱ्यात विहीर आहे आणि तिथल्या ओळी तोकड्या आहेत. पुढच्या सुट्टीत ओळवार झाडं मोजून आणायचं त्याच्याकडे लागलं आहे. जो आकडा येईल त्याचे विभाजक वर्ग काढणार आणि विहिरीपाशी किती झाडं कमी पडली ते त्यावरून शोधणार.